पक्ष बदलला की हवामान धोरण बदलतं का? ठाणे-नवी मुंबईच्या मतदारासाठी तुलनात्मक आढावा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणारा माणूस तीन निवडणुकांत मत देतो: महापालिका, विधानसभा, लोकसभा. उकाडा, तुंबणारं पाणी, खाडी, कचरा, विजेचं बिल यांवर तिन्ही वेळा जाहीरनाम्यांत चार ओळी असतात. त्या शेजारीशेजारी ठेवून वाचल्या तर पक्षापक्षांत फारसा फरक सापडत नाही. खरा फरक जाहीरनाम्याबाहेर असतो. निर्णय कायद्यात बांधलाय, अधिसूचनेत, जीआरमध्ये, बजेटच्या तरतुदीत की कोर्टाच्या आदेशात, यावर सरकार बदलल्यावर त्याचं काय होणार हे बरंचसं ठरतं. पक्षाचा नंबर त्यानंतर लागतो. कोणत्या मताच्या वेळी पक्ष बघायचा, कधी उमेदवार बघायचा आणि कधी फक्त खातं कोणाकडे जाणार ते बघायचं, हे ठरवायला उपयोगी पडावी म्हणून ही तुलना.

दोन प्रकल्प, दोन उलट गोष्टी

आरेची कारशेड सगळ्यांना माहीत आहे, पण तिचा क्रम पुन्हा एकदा नीट बघण्यासारखा आहे. ऑक्टोबर 2019 च्या पहिल्या आठवड्यात भाजप-शिवसेना युतीचं सरकार असताना रातोरात दोन हजारांवर झाडं तोडली गेली. 7 ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली. नोव्हेंबरअखेर महाविकास आघाडी आली आणि पहिल्याच दिवसांत कामाला स्थगिती मिळाली. ऑक्टोबर 2020 मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवायचं ठरलं. डिसेंबरमध्ये जमिनीच्या मालकीच्या वादावरून हायकोर्टाने तिथलं काम थांबवलं. 30 जून 2022 ला शिंदे-फडणवीस सरकार आलं आणि जुलैत आरेवरची स्थगिती उठली. मेट्रो 3 चा पहिला टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला, डेपो आरेतच.

तीन सरकारं, तीन दिशा. राज्यापुरता प्रत्येक निर्णय सरकारच्या पातळीवरचा, कागदी. कोणालाही विधेयक आणावं लागलं नाही, म्हणून तो इतक्या सहज फिरला. फिरली नाहीत ती झाडं. पहिल्या दोन दिवसांत तोडलेलं झाड कोणत्याही स्थगितीने परत उभं राहिलं नाही.

आता नवी मुंबई विमानतळ. पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर 2010 ची: केंद्रात यूपीए, राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी. पंतप्रधान मोदींच्या हस्ते भूमिपूजन फेब्रुवारी 2018 चं: दोन्हीकडे भाजपप्रणीत सरकार. मधल्या अडीच वर्षांत महाविकास आघाडी होती, तेव्हाही काम चालूच राहिलं. उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला. उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, साधारण 1,160 हेक्टर जमीन भरावाखाली आणि बांधकामाखाली गेली. यातल्या कोणत्याही टप्प्यावर सत्तेतल्या पक्षाने मागे फिरायचा विचार केला नाही. सगळ्या पक्षांना जे हवं असतं तिथे हवामानाचा मुद्दा अटींच्या यादीत जाऊन बसतो. मतदाराने मग अटी पाळल्या जातात का एवढंच बघायचं उरतं.

या दोन टोकांच्या मध्ये बाकी सगळं येतं.

निर्णय कशात बांधलाय, ते आधी बघा

| कशात आहे | फिरवायला काय लागतं | जवळचं उदाहरण |
|---|---|---|
| कायदा | सभागृहात बहुमत, विधेयक, चर्चा | झाडांचा 1975 चा राज्य कायदा आणि 2021 ची दुरुस्ती |
| केंद्राची अधिसूचना | मसुदा, 60 दिवस हरकती, मग मंत्रालयाची सही | सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) 2011, मग सीआरझेड 2019 |
| जीआर किंवा मंत्रिमंडळाचा निर्णय | एक बैठक | आरे, राज्याचं ईव्ही धोरण |
| बजेटमधली योजना | पुढच्या वर्षी तरतूद न ठेवणं | फेम (ईव्हीसाठी केंद्राचं अनुदान), पीएम सूर्यघर (छतावरच्या सोलरसाठी केंद्राचं अनुदान) |
| वीज नियामक आयोगाचे नियम | जाहीर सुनावणी आणि आयोगाचा आदेश | छतावरच्या सोलरचं नेट मीटरिंग (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होणं) |
| कोर्टाचा आदेश | तेच कोर्ट किंवा वरचं कोर्ट | खारफुटीबद्दलचे 2005 आणि 2018 चे आदेश |

अधिसूचनेच्या ओळीबद्दल एक सांगायला हवं. सार्वजनिक हिताचं कारण देऊन हरकतींची पायरी वगळायची सोय नियमांतच आहे, आणि ती वापरली जाते. त्यामुळे अधिसूचना दिसते तितकी पक्की नसते.

केंद्र: आकड्यांत सातत्य, नियमांत फरक

उद्दिष्टांपुरतं बोलायचं तर 2008 पासून केंद्राची दिशा एकच आहे. मनमोहन सिंग सरकारने 30 जून 2008 ला राष्ट्रीय कृती आराखडा आणला, त्यात आठ मिशन होती. 2010 च्या सौर मिशनचं उद्दिष्ट 2022 पर्यंत 20 गिगावॅट होतं. 2015 मध्ये मोदी सरकारने ते 100 गिगावॅट केलं, त्यातलं 40 छतांवर. कोळशावरचा उपकर 2010 मध्ये टनाला 50 रुपये होता. 2014 मध्ये तो 100, 2015 मध्ये 200 आणि 2016 मध्ये 400 झाला. पॅरिस करारासाठी 2015 मध्ये दिलेली वचनं ऑगस्ट 2022 मध्ये वाढवली गेली: 2030 पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता (जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन) 2005 च्या तुलनेत 45 टक्क्यांनी कमी, आणि वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत निम्मा वाटा बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल, वायू सोडून. हा निम्मा वाटा जून 2025 मध्येच गाठला गेला.

मात्र स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोलर पॅनल रात्री बंद असतं, कोळशाचं केंद्र चालू असतं. म्हणून क्षमतेत निम्मा वाटा असूनही बहुतांश वीज अजून कोळशाचीच आहे, आणि 2024-25 मध्ये देशाचं कोळसा उत्पादन 100 कोटी टनांच्या वर गेलं. कोणत्याही पक्षाच्या भाषणात ‘निम्मी वीज हरित’ असं ऐकलंत तर तिथे थांबून विचारा, क्षमता की युनिट?

उपकराचा शेवटही बघा. 2010 मध्ये तो स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून बसवला होता. 2017 मध्ये जीएसटी आला, तेव्हा तो राज्यांच्या नुकसानभरपाईत गेला आणि स्वच्छ ऊर्जेशी त्याचा संबंध तुटला. सप्टेंबर 2025 मध्ये 400 रुपयांचा उपकर काढून कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के केला. कर राहिला, पण उपकर वजनावर होता आणि जीएसटी किमतीवर आहे. हलक्या, स्वस्त, जास्त राखेच्या कोळशावर टनामागे पूर्वीइतका भार आता पडत नाही. हे सगळं दर ठरवण्याच्या कामातून झालं, त्यावर निवडणुकीत कोणी चकार शब्द काढला नाही.

सौर उद्दिष्टाचंही तसंच. 100 गिगावॅट 2022 ला गाठायचे होते, गाठले जानेवारी 2025 मध्ये. मागे पडला तो छतांचा भाग, कारण छतावर सोलर बसवणारा ग्राहक बहुतेकदा महाग दराचा, वेळेवर बिल भरणारा असतो आणि वितरण कंपनीला तो गमवायचा नसतो. राज्यात सरकार कोणाचंही असो, वितरण कंपनीचा ताळेबंद तोच.

पक्षाचा ठसा दिसतो तो नियमांत. आणि इथे आपली खाडी येते.

खाडीकाठची रेषा: 100 मीटर, 50 मीटर आणि कोर्ट

2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत (जयराम रमेश पर्यावरणमंत्री होते) खाडीच्या काठापासून 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते नियंत्रित क्षेत्र होतं. जानेवारी 2019 च्या अधिसूचनेने खाड्यांसाठी 100 चे 50 केले. 1,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या खारफुटीभोवती 50 मीटरचा पट्टा दोन्ही अधिसूचनांत आहे, पण खासगी जमिनीवरच्या खारफुटीला हा पट्टा लागणार नाही, असं 2019 च्या अधिसूचनेने म्हटलं.

ठाण्याच्या खाडीकाठी, कोपरी, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी ते बेलापूरपर्यंत 50 मीटर म्हणजे काय, ते चालून बघा. साधारण सत्तर पावलं. एका मोठ्या इमारतीची पार्किंगसकट लांबी. भरती चढते तेव्हा पाणी याच पट्ट्यात पसरतं. पट्टा भरावाने उंच झाला की पाणी बाजूच्या सखल सेक्टरात शिरतं.

यूपीएची अधिसूचना कडक, एनडीएची सैल, असा सरळ निष्कर्ष इथे काढता येतो आणि तो चूक नाही. पण महाराष्ट्रात तो अर्धाच आहे. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई हायकोर्टाने राज्यभर खारफुटी तोडायला बंदी घातली आणि जमीन कोणाचीही असो, खारफुटीच्या चारी बाजूंनी 50 मीटरमधली बांधकामं थांबवायला सांगितली. सप्टेंबर 2018 मध्ये त्याच कोर्टाने अंतिम निकालात खारफुटीचा नाश हा राज्यघटनेच्या कलम 21 चा भंग मानला आणि सरकारी जमिनीवरची खारफुटी वनखात्याकडे द्यायला सांगितलं. केंद्राने रेषा अलीकडे आणली तरी इथे कोर्टाची रेषा शाबूत आहे.

सार्वजनिक प्रकल्पाला हायकोर्टाची परवानगी मिळू शकते. बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर 2022 मध्ये मुंबई, ठाणे, पालघर मिळून सुमारे 20 हजार खारफुटीची झाडं तोडायला मिळाली. सुरुवातीची मागणी याच्या दुपटीहून जास्त होती. परवानगी मिळाली तोवर आकडा खाली आला होता. याच प्रकल्पात पक्षांचा फरक कुठे दिसला तर वेगात: आघाडीच्या काळात मंजुऱ्या रेंगाळल्या, जुलै 2022 नंतर भराभर मिळाल्या.

खाडीच्या बाजूने झालेले निर्णयही एका पक्षाच्या खात्यावर मांडता येत नाहीत. वनखात्याचा खारफुटीसाठीचा कांदळवन कक्ष 2012 चा, काँग्रेस-राष्ट्रवादीच्या काळातला. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ऑगस्ट 2015 चं, भाजप-शिवसेनेच्या काळातलं, 16.9 चौरस किलोमीटर. रामसर दर्जासाठी (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) राज्याची तयारी आघाडीच्या काळात झाली आणि ऑगस्ट 2022 मध्ये दर्जा जाहीर झाला तेव्हा सरकार दुसरंच होतं. 2025 मध्ये नेरुळच्या डीपीएस तलावाला फ्लेमिंगोंसाठी संवर्धन राखीव करायला राज्य वन्यजीव मंडळाची मंजुरी मिळाली, तेव्हा महायुती. चार सरकारांनी एकाच खाडीसाठी काही ना काही केलं. त्याच चार सरकारांनी तिच्या काठावर पूल, रस्ते आणि भराव यांनाही मंजुरी दिली.

राज्य: खातं कोणाकडे, हा पहिला प्रश्न

आमच्या मते ठाणे-नवी मुंबईकराचं हवामानाच्या दृष्टीने सगळ्यात वजनदार मत विधानसभेचं असतं. सिडको, एमएमआरडीए, एमआयडीसी, महावितरण, वनखातं, प्रदूषण नियंत्रण मंडळ, सगळं राज्याचं. नवी मुंबईतली पाणथळ जमीन बहुतेक सिडकोकडे आहे, आणि सिडकोच्या निर्णयावर तिथल्या महापौराचा काहीही अधिकार चालत नाही.

सिडको आणि एमएमआरडीए नगरविकास खात्याखाली येतात. ते खातं महाविकास आघाडीत एकनाथ शिंदे यांच्याकडे होतं, 2022 मध्ये ते मुख्यमंत्री झाल्यावर त्यांच्याकडेच राहिलं, आणि डिसेंबर 2024 पासून उपमुख्यमंत्री म्हणूनही त्यांच्याकडे आहे. सरकार दोनदा बदललं, खात्याचा मंत्री बदलला नाही. ‘आघाडीच्या काळात’ आणि ‘महायुतीच्या काळात’ अशी तुलना करताना ठाण्या-नवी मुंबईच्या जमिनीबद्दल ती फसते, ती यामुळे.

पर्यावरण खात्याचं उलट आहे. रामदास कदम, आदित्य ठाकरे, मग मुख्यमंत्री शिंदे स्वतः, मग पंकजा मुंडे. इथे माणूस बदलल्यावर जोर बदलला. खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ आलं, ‘माझी वसुंधरा’ ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झालं, ईव्ही धोरण जुलै 2021 मध्ये आलं, मुंबईचा वातावरण कृती आराखडा मार्च 2022 मध्ये. यातलं काय टिकलं?

‘माझी वसुंधरा’ टिकलं. पृथ्वी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पाच भागांत स्थानिक संस्थांना गुण मिळतात आणि वरच्यांना बक्षिसाची रक्कम. पालिकांना पैसे आणि नाव मिळतं, म्हणून ते बंद करा असं म्हणणारा कोणी नाही. ईव्ही धोरणही टिकलं, पण बदलून. जुनं 31 मार्च 2025 पर्यंत होतं, नवं एप्रिलमध्ये मंजूर झालं. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी त्यातूनच आली आणि ऑगस्ट 2025 पासून लागू झाली. उलवे-नवी मुंबईहून रोज शिवडीला जाणाऱ्याच्या खिशाला ही माफी कळते. त्याच वर्षीच्या बजेटमध्ये 30 लाखांवरच्या ईव्हीवर 6 टक्के कर सुचवला होता, तो त्याच महिन्यात मागे घेतला गेला. धोरण टिकतं, दर हलतात.

शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी 2017 ची. आघाडीच्या काळात ती संपवली गेली नाही, 2023 मध्ये दुसरा अवतार मोठा झाला. कारण उघड आहे: स्वस्त सौर वीज शेतीला दिली की महावितरणचा तोटा कमी होतो. तिजोरीचे पैसे वाचवणारी हवामान योजना कोणताच पक्ष मोडत नाही. उलट फुकट विजेवर सगळे सारखे. 2004 च्या निवडणुकीआधी काँग्रेस सरकारने शेतीला वीज मोफत केली आणि निवडून आल्यावर पुढच्या वर्षी काढली. 2024 च्या निवडणुकीआधी महायुतीने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना ती मोफत केली.

प्लास्टिकबंदी 2018 ची. तेव्हापासून तीन वेगळी सरकारं आली, बंदी कागदावर कायम आहे. बाजारात पिशवी मिळते, कारण दंड करणारा पालिकेचा माणूस आठवड्यातून एकदा येतो.

बाहेरचे नमुने, थोडक्यात

ऑस्ट्रेलियात लेबर सरकारने जुलै 2012 मध्ये कार्बनवर टनाला 23 डॉलर किंमत लावली. विरोधकांनी तिला कर म्हटलं, 2013 ची निवडणूक त्यावर लढवली, जुलै 2014 मध्ये ती रद्द झाली. पण त्याच वेळी उभारलेली स्वच्छ ऊर्जा वित्त संस्था सिनेटने मोडू दिली नाही, ती आजही कर्ज देते. ब्रिटनने 2008 चा हवामान कायदा लेबरच्या काळात जवळपास एकमताने केला: पाच-पाच वर्षांचं कार्बन बजेट (उत्सर्जनाची कमाल मर्यादा), ते बारा वर्षं आधी ठरवायचं, आणि सल्ल्याला स्वतंत्र समिती. 2019 मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने तोच कायदा नेट झिरोपर्यंत (जितकं उत्सर्जन तितकंच शोषण) वाढवला. शेवटचं कोळसा केंद्र सप्टेंबर 2024 मध्ये बंद झालं, लेबरच्या काळात, पण निर्णय हुजूर पक्षाचा होता. मात्र जमिनीवरच्या पवनचक्क्या इंग्लंडमध्ये 2015 मध्ये नियोजनाच्या नियमातून अडवल्या गेल्या आणि 2024 मध्ये सरकार बदलल्यावर काही दिवसांत मोकळ्या झाल्या. कायदा असलेल्या देशातही नियम झुलतो.

अमेरिकेत पॅरिस करार फक्त राष्ट्राध्यक्षांच्या सहीवर होता, म्हणून 2017 ला बाहेर पडायची घोषणा, 2020 ला बाहेर, 2021 ला आत, 2025 ला पुन्हा बाहेर पडायचा आदेश. 2022 चा हवामान-गुंतवणूक कायदा अधिक पक्का मानला जात होता, पण दोन्ही सभागृहं आणि अध्यक्ष एकाच पक्षाचे झाल्यावर जुलै 2025 मध्ये त्यालाही कात्री लागली. कॅनडाचा नमुना मला सगळ्यात बोलका वाटतो: 2019 मध्ये लिबरल सरकारने ग्राहकांवर कार्बन आकार लावला आणि एप्रिल 2025 मध्ये त्याच पक्षाच्या नव्या पंतप्रधानांनी तो शून्यावर आणला. ज्या किमतीचा आकडा लोकांना पावतीवर दिसतो, ती लावणारा पक्षही तिच्या मागे फार काळ उभा राहत नाही.

महापालिका: पक्ष सगळ्यात कमी, बजेट सगळ्यात जास्त

नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून नगरसेवकच नव्हते. प्रशासक बसले होते, ते थेट 15 जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत. त्याआधी सप्टेंबर 2019 मध्ये गणेश नाईक राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेले, त्यांच्यासोबत बहुसंख्य नगरसेवकही गेले, आणि नवी मुंबईतली सत्ता निवडणुकीशिवाय दुसऱ्या पक्षाकडे गेली. मोरबे धरण तेच, कचऱ्याची गाडी तीच. ऐरोली आणि कोपरखैरणेतले प्रत्येकी दररोज 2 कोटी लिटरचे, सांडपाणी पुन्हा शुद्ध करून कारखान्यांना देणारे प्रकल्प केंद्राच्या अमृत योजनेच्या मदतीने झाले. पक्षाची पाटी बदलली म्हणून त्यांतलं काही थांबलं नाही.

पालिकेच्या हातात नेमकं काय असतं, ते धारण तलावांवरून दिसतं. वाशी, नेरुळ, बेलापूरचा काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने खाडीकाठी तलाव बांधले आणि तोंडाला झडपा बसवल्या. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडप बंद होते, पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की झडप उघडते, पाणी खाडीत जातं. तलावात किती पाणी मावतं यावर सगळं उभं आहे. वर्षानुवर्षं गाळ साचला, त्या गाळात खारफुटी उगवली. आता गाळ काढायचा तर खारफुटीला हात लागतो, म्हणजे हायकोर्टाची परवानगी. गाळ नाही काढला तर साडेचार मीटरच्या भरतीत मुसळधार पाऊस आला की साठवण अपुरी पडते आणि पाणी रस्त्यावर येतं. झडपेचं रबर फाटलं, किंवा फटीत प्लास्टिक अडकलं, तर भरतीचं पाणीच उलटं आत येतं. झडपा आणि पंप पालिकेचे, खारफुटी वनखात्याची, परवानगी कोर्टाची. ‘आमची सत्ता द्या, पाणी तुंबणार नाही’ हे वाक्य यातल्या फक्त पहिल्या भागाबद्दल खरं असू शकतं.

झाडांचंही पालिकेत. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. 40 वर्षांचं झाड तोडलं तर 40 रोपं. कायदा चांगला आहे. गडबड होते ती वय ठरवताना आणि रोपं कुठे लावली ते दाखवताना. वृक्ष प्राधिकरणात नगरसेवक असतात, म्हणून इथे तुमचा उमेदवार त्या समितीवर जाऊन काय विचारतो याला पक्षापेक्षा जास्त किंमत आहे.

सोसायटीच्या छतावरून तिन्ही पातळ्या एकत्र दिसतात. घणसोलीतल्या 40 फ्लॅटच्या इमारतीला लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांसाठी 20 किलोवॅट बसवायचं धरा. सावली नसलेली सुमारे 200 चौरस मीटर जागा लागते. किलोवॅटला दिवसाला सरासरी 4 युनिट धरले तर महिन्याला साधारण 2,400 युनिट, पावसाळ्यात बरंच कमी. पीएम सूर्यघरमध्ये सोसायटीला किलोवॅटला 18,000, म्हणजे 3,60,000 रुपये अनुदान. अट ही की पॅनलचे सेलही भारतात बनलेले हवेत. हे पैसे केंद्राच्या योजनेचे, मुदत 2026-27 पर्यंत. नेट मीटर महावितरणचा, नियम राज्य वीज नियामक आयोगाचे. गच्चीवरच्या उंच लोखंडी सांगाड्याचा प्रश्न पालिकेच्या बांधकाम नियमांचा. अनुदान पुढच्या बजेटमध्ये बंद होऊ शकतं, आयोगाचा नियम सुनावणीशिवाय बदलत नाही. म्हणून पक्ष बघायचाच तर अनुदानापुरता बघा, आणि आयोगाची सुनावणी जाहीर झाली की सोसायटीचं पत्र तिथे पाठवा.

मग मत देताना वजन कशाला

लोकसभेला पक्ष बघणं रास्त आहे, कारण अधिसूचना आणि कायदे तिथे होतात. उद्दिष्टांची भाषणं सोडा. सीआरझेड, 2023 ची वनसंवर्धन दुरुस्ती, पर्यावरण मंजुरीच्या सवलती यांवर पक्षाने सभागृहात काय भूमिका घेतली ते संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांत मिळतं.

विधानसभेला पक्षाइतकंच वजन नगरविकास, पर्यावरण, ऊर्जा आणि वन ही खाती कोणाकडे जातील याला द्या. निवडणुकीआधी ते कळत नाही, पण तुमच्या भागातला मोठा नेता त्यातलं एखादं मागणारच, हे ठाण्यात आणि नवी मुंबईत आता गृहीत धरायला हरकत नाही.

पालिकेला पक्षाला सगळ्यात कमी वजन. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत, चौघे वेगळ्या पक्षांचेही असू शकतात, आणि ‘ते त्यांचं काम’ म्हणायला प्रत्येकाला जागा मिळते. तिथे बजेटचं पुस्तक उघडा. उद्यान, मलनिस्सारण, पावसाळी नाले, परिवहन, प्रत्येक लेखाशीर्षाला तीन रकाने बघा: मूळ अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. मूळ अंदाज मोठा आणि प्रत्यक्ष खर्च त्याच्या पावपट असेल तर ती घोषणा होती. पर्यावरण सद्यस्थिती अहवाल आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैपूर्वी महासभेपुढे ठेवायचा असतो. प्रशासकाच्या काळात त्यावर चर्चा करायला महासभाच नव्हती. आता आहे. तुमच्या चार सदस्यांपैकी कोण त्या दिवशी बोललं, हे कामकाजाच्या इतिवृत्तात लिहिलेलं असतं.

इतिवृत्त मिळालं नाही तर माहिती अधिकार. राज्याच्या नियमांनी अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून तलाव आणि झाडं एका अर्जात घालू नका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत, नाहीतर पहिलं अपील. मजकूर एवढा पुरेसा आहे: ‘सेक्टर अमुकमधल्या धारण तलावाबाबत गेल्या तीन आर्थिक वर्षांत गाळ काढणे व झडपदुरुस्तीसाठी असलेली मूळ तरतूद, सुधारित तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च, दिलेल्या कार्यादेशांच्या प्रती, खारफुटीबाबत हायकोर्टाकडे परवानगी मागितली असल्यास अर्जाची तारीख.’